सवलतीचे बिल कोणी भरावयाचे?

मार्च 2020 मध्ये रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत काढून घेतली. 60 वर्षांवरील पुरुषांना 40 टक्के व 58 वर्षांवरील स्त्रियांना 50 टक्के अशी ती सवलत होती. कारण दिले गेले कोरोनाच्या साथीचे. साथ ओसरल्यावर, जुलै 2022 मध्ये, रेल्वेमंत्र्यांनी लोकसभेत खर्चाकडे बोट दाखविले. आरोग्याचे कारण अशा रीतीने हिशेबाचे कारण झाले.

महाराष्ट्रात नेमके उलटे घडले. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एस.टी.चा प्रवास मोफत झाला. आयुष्यभर मजुरी करूनही ज्यांच्या हाती पेन्शन पडत नाही, त्यांना तालुक्याचा दवाखाना जवळ आला. हे स्वागतार्हच आहे.

परंतु सवलत शासन जाहीर करते आणि भाडे बुडते ते महामंडळाचे. त्याची भरपाई तिजोरीतून वेळेवर आली नाही, तर बोजा चालक-वाहकांच्या पगारावर आणि खिळखिळ्या गाड्यांवर पडतो. म्हणजे एका गरिबाचे तिकीट दुसरा गरीब काढतो. शिवाय गावची फेरीच रद्द झाली, तर मोफत प्रवासाचा हक्क घेऊन म्हाताऱ्याने किंवा अपंगाने थांब्यावर किती वेळ तिष्ठावयाचे?

सवलत हा सामाजिक न्याय असेल, तर तिचा खर्च समाजाने करांतून उचलला पाहिजे. मग रेल्वेलाही तोट्याची सबब उरणार नाही. कार्यकर्त्यांनी सवलतीबरोबर तिच्या भरपाईची आणि गावच्या फेरीची मागणीही तितक्याच नेटाने लावून धरावी.