विश्लेषण : जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताना कोणता ‘डेस्कटॉप’ निवडावा?

‘विंडोज १०’ला मोफत सुरक्षा अपडेट देणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले. ‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० ही सुरक्षा यंत्रणा आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा. त्यामुळे उत्तम स्थितीतले असंख्य जुने लॅपटॉप अडचणीत आले. ते भंगारात देण्याऐवजी त्यांवर लिनक्स टाकता येते आणि तेही फुकट. मात्र डाउनलोड करायला गेले की ग्नोम, केडीई, एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी अशी नावे समोर येतात आणि नवखा माणूस तिथेच अडखळतो.

डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट म्हणजे काय?

विंडोजमध्ये यंत्रणेचा गाभा आणि पडद्यावर दिसणारे रूप एकत्रच मिळते. लिनक्समध्ये ते वेगळे असतात. खालची पट्टी, मेनू, फाइल मॅनेजर, सेटिंग्ज, खिडक्या उघडण्या-मिटण्याची पद्धत या सगळ्याचा संच म्हणजे डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट. म्हणूनच ‘लिनक्स मिंट’ ही एकच प्रणाली सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई अशा तीन रूपांत मिळते. गाभा तोच, मेमरीचा खर्च मात्र वेगळा.

हलक्या डेस्कटॉपने नेमके काय वाचते?

मुख्यतः रॅम. ग्नोममध्ये ॲनिमेशन, फाइल शोधण्यासाठी मागे सतत चालणारी अनुक्रमणी, ऑनलाइन खात्यांची जोडणी असे बरेच काही असते. उबंटूची ग्नोम असलेली मुख्य आवृत्ती काहीही न उघडता एक जीबीहून अधिक रॅम सहज घेते. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी त्यातले काहीशे एमबी वाचवतात. दोन किंवा चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हा फरक ठळकपणे जाणवतो, आठ जीबीवर फारसा नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. डेस्कटॉप कितीही हलका असला तरी ब्राउझर तोच राहतो. ईमेल, यूट्यूब आणि चार-पाच टॅब उघडले, की वाचवलेली रॅम संपते. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर डेस्कटॉप बदलण्याआधी एसएसडी बसवावी. तिने पडणारा फरक कोणत्याही डेस्कटॉपपेक्षा मोठा असतो.

पर्याय कोणते?

एक्सएफसीई १९९६ पासून विकसित होत आहे. त्याचे रूप थोडे जुनाट वाटते, पण विंडोजची सवय असलेल्याला पट्टी आणि मेनू लगेच सापडतात. झुबंटू आणि मिंटची हलकी आवृत्ती त्यावर चालते. एलएक्सक्यूटी त्याहून किंचित हलका; लुबंटूने २०१८ पासून तो स्वीकारला आहे. माते हा ग्नोमच्या जुन्या दुसऱ्या आवृत्तीचा वारस. केडीई प्लाझ्मा जड असल्याची ख्याती मात्र आता जुनी झाली आहे. आठ जीबीच्या यंत्रावर तो टाळण्याचे कारण नाही.

मग सर्वांत हलकाच का घेऊ नये?

आइसडब्ल्यूएम, ओपनबॉक्स, आय३ हे केवळ खिडक्या सांभाळणारे ‘विंडो मॅनेजर’ आहेत. रॅम ते सर्वांत कमी घेतात. घरच्या टेबलावरच्या संगणकाला ते चालून जातील. लॅपटॉपची गोष्ट वेगळी. झाकण मिटल्यावर यंत्र झोपले पाहिजे, ब्राइटनेसच्या कळा चालल्या पाहिजेत, बॅटरी आणि वायफाय पट्टीवर दिसले पाहिजे, प्रोजेक्टर जोडला तर चित्र उमटले पाहिजे. पूर्ण डेस्कटॉपमध्ये ही कामे सहसा आपोआप होतात. विंडो मॅनेजरमध्ये प्रत्येकासाठी वेगळा प्रोग्रॅम शोधून जोडावा लागतो. हौस असेल तर हा उद्योग मजेचा आहे, पण वडिलांच्या किंवा शाळकरी मुलाच्या लॅपटॉपवर तो करू नये.

हलक्या डेस्कटॉपचीही किंमत असते. टचपॅडवर तीन बोटांनी करायच्या हालचाली ग्नोम आणि केडीईमध्ये तयार मिळतात, एक्सएफसीईमध्ये नाहीत. अतिशय बारीक पिक्सेलच्या पडद्यावर अक्षरे नेमकी हवी तेवढी मोठी करणेही तिथे जिकिरीचे. अर्थात १३६६ बाय ७६८ च्या जुन्या पडद्याला ही अडचण येतच नाही.

मराठी टायपिंगचे काय?

युनिकोड मराठी सर्वत्र वाचता येते. इनस्क्रिप्टची सवय असणाऱ्यांना कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये मांडणी जोडली की पुरते. इंग्रजी अक्षरांतून फोनेटिक पद्धतीने लिहिणाऱ्यांना आयबस किंवा एफसीआयटीएक्स लागते. ग्नोममध्ये आयबस आधीच जोडलेले असते. हलक्या डेस्कटॉपमध्ये ते अनेकदा स्वतः बसवावे लागते. ज्यांचे रोजचे काम श्रीलिपीसारख्या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे, त्यांनी घाईने विंडोज पुसू नये.

ठरवायचे कसे?

दोन जीबी रॅम असेल तर एलएक्सक्यूटी, चार जीबी असेल तर एक्सएफसीई, आठ किंवा अधिक असेल तर जो आवडेल तो. लिनक्सच्या बहुतेक प्रणाली पेनड्राइव्हवरून, लॅपटॉपमधल्या माहितीला हात न लावता, चालवून पाहता येतात. त्या वेळी वेगावरून मत बनवू नये, कारण पेनड्राइव्ह संथच असतो. वायफाय, आवाज, कॅमेरा आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, एवढे तपासावे. प्रत्यक्ष बसवण्याआधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी, कारण बसवताना एक चुकीचा पर्याय निवडला तरी आधीची सगळी माहिती पुसली जाते.