नावडतीचे मीठ

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या हंगामात बहुतेक संघ गुरुवारी संध्याकाळी जाहीर होतात. कोण आत आणि कोण बाहेर, एवढीच ती यादी. पण शुक्रवारभर मेलबर्नच्या ट्राममध्ये, पबमध्ये आणि कचेऱ्यांमध्ये तिच्यावर खटला चालतो. आरोपी बहुधा एकच असतो: नाव मोठे, खेळ मंदावलेला. त्याला ठेवावे की दुय्यम संघातून खेळायला व्हीएफएल या खालच्या स्पर्धेत धाडावे? एक पक्ष म्हणतो, दर्जा कुठे जात नाही, आणखी दोन सामने द्या. दुसरा म्हणतो, हे दोन सामने आम्ही मार्चपासून मोजतो आहोत. एकदा खेळाडू मनातून उतरला की नावडतीचे मीठ अळणी. त्याने चेंडू पकडला तर तो सोपा होता, सुटला तर ‘सांगितले नव्हते?’

वाद इतका पेटण्याला कारण आहे. हंगाम ऐन भरात असताना या खेळातल्या क्लबांना दुसऱ्या क्लबाचा तयार खेळाडू पैसे मोजून उचलता येत नाही. वेतनावर मर्यादा असते आणि अदलाबदल हंगाम संपल्यावर होते. तोवर निवड घरातल्या घरातच करायची: थकलेला थोरला की न पारखलेला धाकटा. घरातले भांडण म्हणजे मध्यस्थ कोणी नाही.

ब्रोडी ग्रंडीची गोष्ट यासाठी पाहण्याजोगी आहे. ग्रंडी रकमन, म्हणजे पंचाने चेंडू हवेत उडवला की प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर झेप घेऊन तो आपल्या गड्याकडे ढकलणारा दोन मीटरहून उंच माणूस. कॉलिंगवूडकडून खेळताना 2018 आणि 2019मध्ये तो हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या ‘ऑल-ऑस्ट्रेलियन’ या मानाच्या संघात निवडला गेला. क्लबाने 2020मध्ये त्याच्याशी सात वर्षांचा करार केला आणि 2022च्या अखेरीस, त्याच्या पगाराचा काही भाग स्वतः भरण्याची तयारी ठेवून, त्याला मेलबर्न क्लबाकडे सोपवले. मेलबर्नचा कर्णधार मॅक्स गॉन हाही रकमनच. दोन उंच माणसे आणि जागा एक. गॉन जखमी होता तोवर ग्रंडीचे बरे चालले. तो परतल्यावर ग्रंडीला पुढे गोलजवळ उभे करून पाहिले, ते जमेना. जुलै 2023मध्ये त्याला वगळून दुय्यम संघातून पुढच्या फळीत खेळण्याचे धडे गिरवायला पाठवले. बाद फेरीच्या दोन्ही सामन्यांत तो बाहेरच होता.

मेलबर्न पहिला सामना कॉलिंगवूडकडून 7 गुणांनी हरले, दुसरा कार्लटनकडून 2 गुणांनी. दोन सामन्यांत मिळून 9 गुण! एवढ्या फरकात काहीही सिद्ध करता येते. ‘ग्रंडी असता तर’ हे वाक्य त्या आठवड्यात जन्मले आणि त्याला वगळण्याचा आग्रह धरणाऱ्यांच्या तोंडीही शोभू लागले. वास्तविक कार्लटनविरुद्ध मेलबर्नने 9 गोल आणि 17 बिहाइंड केले, म्हणजे सहा गुणांच्या जागी एकेका गुणावर समाधान मानण्याचा प्रसंग सतरा वेळा आला. कार्लटनचे गोल 11 आणि बिहाइंड अवघे 7. दोष पायांच्या नेमाचा, आणि शोक मात्र उंच हातांच्या माणसाचा. न खेळलेल्या सामन्यात कोणाचाच खेळ वाईट होत नसतो.

पुरावे दोन्ही पक्षांकडे हवे तेवढे आहेत. ‘नव्याला संधी द्या’ म्हणणारे मार्लियन पिकेटचे नाव घेतात. 2019मध्ये रिचमंडने त्याला थेट ग्रँड फायनलमध्ये पदार्पण करायला लावले आणि संघ 89 गुणांनी जिंकला. ‘अर्धवट माणूस नको’ म्हणणाऱ्यांकडे सिडनी आहे. 2022च्या ग्रँड फायनलला दुखापतीची शंका असलेल्या सॅम रीडला खेळवले, तर 2024मध्ये लोगन मॅकडॉनल्डला. दोघांनाही सामना संपण्याआधीच बदलावे लागले आणि सिडनी अनुक्रमे 81 आणि 60 गुणांनी हरले. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे पुढचा आणि मागचा एकच होता. 2022मध्ये जिलाँगने मात्र मांडीच्या स्नायूची दुखापत झालेल्या तरुण मॅक्स होम्सला मन घट्ट करून बाहेर ठेवले आणि करंडक नेला.

हसण्याआधी आपण आपल्याकडे पाहावे. ही ग्रँड फायनल होते त्याच मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर डिसेंबर 2024मध्ये नागपुरात जन्मलेला आणि बोरिवलीत वाढलेला रोहित शर्मा 3 आणि 9 धावांवर बाद झाला. मालिकेतल्या पाच डावांत एकूण 31 धावा. त्याला बसवा, असा गजर मुंबईच्या लोकलपासून पुण्याच्या कट्ट्यापर्यंत झाला. पुढच्या कसोटीत सिडनीला तो स्वतःच बाहेर बसला, तेव्हा कर्णधाराला असे बसवतात का, हा नवा गजर सुरू झाला. तो सामना ऑस्ट्रेलियाने सहा गडी राखून जिंकला. कुठेही गेले तरी पळसाला पाने तीनच.

मेलबर्नला नको झालेला ग्रंडी 2024मध्ये सिडनीचा पहिल्या पसंतीचा रकमन होता. सिडनी गुणतक्त्यात अव्वल राहिले आणि ग्रँड फायनलपर्यंत पोहोचले. वर्षभरात त्याची उंची वाढली नव्हती की वय घटले नव्हते. त्याला त्याचे काम परत मिळाले होते. खेळ मंदावण्याची कारणे अनेक असतात, पण माणूस चुकीच्या जागी उभा असणे हे त्यातले सर्वात स्वस्तात दुरुस्त होणारे कारण. तेव्हा ‘याला घ्यावे की नाही’ या प्रश्नाआधी ‘याला नेमके कोणत्या कामासाठी घ्यायचे’ हे निवड समितीने आणि चाहत्यांनीही विचारावे. उत्तर असेल तर दोन सामने नव्हे, चार द्यावेत. उत्तर नसेल, तर नाव कितीही मोठे असो, त्याला घरी ठेवावे. आणि त्याच्या जागी आलेल्या पोराला निदान पहिल्या क्वार्टरपर्यंत शिव्या घालू नयेत.