दोन गाण्यांमधला संधि

‘डीजे’ हा शब्द आमच्या घरांत गेलीं तीन वर्षें निषिद्ध होता. त्याचें कारण असें. एका विसर्जनाच्या रात्रीं औरंगपुऱ्यांतून जाणारी एका मंडळाची मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडाशीं अडून राहिली, आणि मालमोटारीवर रचलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीनें तास-सवातास घराचीं तावदानें थरथरत ठेवलीं. आमचे वडील बंधु नुकतेच हृदयविकारांतून उठलेले. त्यांना दोघां पुतण्यांनीं उचलून मागच्या खोलींत नेलें, कानांत कापसाचे बोळे घातले, तरी अंथरूण हादरतच होतें. निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत छापलेली आहे. पण त्या रात्रीं ती वाचून दाखवावयाची कोणास? तेव्हांपासून तो शब्द निघाला कीं दादांचा चेहरा उतरे आणि कोणी तरी विषय बदली.

अशा घरांत, गेल्या महिन्यांत, आमचा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला नातू रात्रीं उशिरापर्यंत कानांना हेडफोन लावून ‘डीजे मिक्स’ ऐकत बसतो असें उघडकीस आलें. आमच्या चिरंजीवांनीं तत्काळ बंदीचें फर्मान काढलें. नातू बापापुढें कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं माझ्याजवळ येऊन मात्र म्हणाला, “आजोबा, वर्गांत एखाद्याचें म्हणणें न ऐकतां तुम्हीं कधीं शिक्षा केली होती का?” प्रश्न अडचणीचा होता. पस्तीस वर्षांच्या नोकरींत तशी शिक्षा मीं केलेली होती, आणि कोणाला केली तेंहि मला चांगलें आठवत होतें. मीं हेडफोन मागून घेतला.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. मिरवणुकींतील ज्या राक्षसी भिंतीस आपण ‘डीजे’ म्हणतों, ती डीजे नव्हे. डीजे हा मनुष्य असतो. ‘डिस्क जॉकी’ म्हणजे तबकड्या लावणारा. शिकागो शहरांत १९७७ सालीं ‘वेअरहाऊस’ नांवाचें एक नृत्यगृह निघालें. तेथें फ्रँकी नकल्स (१९५५–२०१४) हा तरुण तबकड्या लावीत असे. त्या नृत्यगृहाच्या नांवाचा उत्तरार्ध घेऊन पुढें ह्या संगीतास ‘हाऊस’ म्हणूं लागले, असें सांगतात. ताल पहावा तर आपल्या तबलजीला हंसूं येईल इतका साधा: चार सारखे ठोके, मिनिटास सुमारें १२० ते १३०, आणि त्यांत खंड म्हणून नाहीं.

त्या साधेपणाचें प्रयोजन मात्र निराळें आहे. डीजेपुढें दोन तबकड्या फिरत असतात. एक सर्वांस ऐकूं येते. दुसरी केवळ त्याच्या कानांत. तबकडीची गति शेंकडा आठ इतकी कमीअधिक करणारी पट्टी यंत्राला असते. ती सरकवून तो दुसरीचा ठोका पहिलीच्या ठोक्यावर तंतोतंत बसवितो, आणि मग हळूच दुसरीला सभेंत आणतो. ह्या तबकड्याहि अशा घडविलेल्या असतात कीं आरंभीं व अखेरीस बराच वेळ केवळ ताल असावा. जणूं घराला पुढें आणि मागें ओटा. दोन्ही गाण्यांचे खर्जांतले नाद एकदम वाजूं दिले तर नुसता गदारोळ माजतो. म्हणून एकाचा खर्ज उतरवितांना दुसऱ्याचा चढवावा लागतो. दोहोंचे सूर परस्परांस मानवले पाहिजेत, हें निराळेंच. हें सारें नाचणाऱ्यांसाठीं. पुढें त्याच रीतीनें जोडलेलीं गाणीं सलग मुद्रित करून विकूं लागले. साशा आणि जॉन डिगवीड ह्या दोघांचा ‘रेनेसाँ: द मिक्स कलेक्शन’ हा तीन तबकड्यांचा संग्रह १९९४ सालचा. नातवानें मला प्रथम तोच ऐकविला.

मी आरामखुर्चींत बसून आपल्या संवयीप्रमाणें गाणें संपण्याची वाट पाहूं लागलों. तें संपेना. पाव तासानें ध्यानांत आलें कीं, ऐकतों आहें तें गाणें निराळें आहे. पण तें बदललें केव्हां हें कांहीं सांगतां येईना. मीं नातवाकडून तें मागें नेवविलें, पुन्हा ऐकलें, आणि ती जागा सांपडली. तेथें मिनिट-दीड मिनिट दोन्ही गाणीं एकत्र नांदत होतीं, आणि दोहोंपैकीं एकाचीहि नव्हे अशी एक तिसरीच चाल त्यांच्यामधून उमटत होती. पहिलें गाणें मावळतांच तीहि मावळली.

मी ताठ बसलों. हें तर मीं जन्मभर फळ्यावर लिहिलेलें! रमा आणि ईश मिळून रमेश होतो. त्यांत ‘आ’ उरत नाहीं, ‘ई’ उरत नाहीं, दोहोंत नसलेला ‘ए’ येतो. आपल्या वैदिकांनीं एकाच मंत्राचे दोन पाठ जतन केले: पदें सुटीं सुटीं म्हणावयाचा पदपाठ, आणि संधि करून सलग म्हणावयाचा संहितापाठ. आपण एकेक गाणें ऐकतों तो पदपाठ. हा मुलगा रात्रीं ऐकत बसतो ती संहिता. मीं त्याला तसें म्हणतांच तो हर्षानें म्हणाला कीं, मित्रांशीं त्याचे वाद होतात ते गाण्यांवरून नव्हेतच, कोणाचा सांधा सरस ह्यावरून होतात. शाळेंत संधीच्या तासाला ह्याच मुलाला जांभया येत, ही गोष्ट मीं त्या वेळीं बोलून दाखविली नाहीं.

खंड नसण्याची गोडी मला अगदींच अपरिचित होती असेंहि नाहीं. विशीच्या आंत असतांना मामांच्या गांवीं अखंड हरिनाम सप्ताहांत मीं वीण्याचा पहारा केला आहे. वीणा सात दिवस भूमीस टेकूं द्यावयाची नाहीं. पहांटे तीनला दुसरा गडी येऊन शेजारीं उभा राही, माझ्या नामांत आपलें नाम मिळवी, आणि दोघांचा स्वर एक झाला कीं वीणा माझ्या गळ्यांतून त्याच्या गळ्यांत जाई. ज्यांचा डोळा लागला होता त्यांना माणूस बदलल्याचें कळतहि नसे. गाणें थांबलें कीं मन जागें होऊन हिशेब करूं लागतें: हें बरें होतें, तें बरें नव्हतें, आतां उठावें. तें थांबलें नाहीं तर मन आपली मुठ सैल करतें. नृत्यगृह आणि सप्ताह ह्यांची तुलना कांहीं वाचकांस रुचणार नाहीं. देव निराळा, हेतु निराळा, हें मलाहि मान्य आहे. कानाचा धर्म मात्र दोन्हीकडे एकच.

चिरंजीवांचा आक्षेप कायम होता. “गाणीं दुसऱ्यांचीं, नांव ह्याचें, ही कसली कला?” त्याला मीं पैठण दाखविलें. आमच्या शहरापासून पन्नासेक किलोमीटरांवरील ह्याच प्रतिष्ठानच्या हाल सातवाहनानें कोटि गाथांतून सातशें निवडल्याचें गाथासप्तशती स्वतःच सांगते. त्या गाथा नानाजणांच्या. कित्येकांचीं नांवें टीकाकारांनीं नोंदविलीं आहेत. तरी दोन हजार वर्षें ग्रंथ ओळखला जातो तो हालाच्या नांवानें, आणि त्यानें चोरी केली असें कोणी म्हणत नाहीं. शिवाय ह्या आल्बमांवर प्रत्येक गाण्याच्या कर्त्याचें नांव छापलेलें असतें. चिरंजीव एवढेंच म्हणाले कीं, हालानें शेजाऱ्यांची झोंप मोडली नव्हती. मीं हेडफोनकडे बोट दाखविलें.

मग गोव्याची पाळी आली. बी.बी.सी.च्या रेडिओवर १९९३ पासून ‘एसेन्शियल मिक्स’ नांवाचा सलग दोन तासांचा कार्यक्रम होत आला आहे. त्यांत पॉल ओकनफोल्ड ह्या इंग्रज डीजेनें डिसेंबर १९९४ मध्यें वाजविलेला भाग ‘गोवा मिक्स’ म्हणून प्रसिद्ध आहे. हें संगीत हाऊस नव्हे, त्याचें धाकटें भावंड ‘ट्रान्स’. त्यांत चित्रपटांचें पार्श्वसंगीतहि गुंफलें आहे. त्यामागची हकीकत मला त्या संगीताहून अधिक आवडली. हणजुणच्या समुद्रकांठीं उन्हानें तबकड्या वांकत, म्हणून तेथील डीजे फितींवर वाजवीत. अमेरिकेंत जन्मून गोव्यांतच २०२३ सालीं निवर्तलेला ‘गोवा गिल’ हा त्यांतला प्रमुख. फितीची गति तबकडीसारखी हातानें जुळवितां येत नाहीं. तेव्हां कोणत्या गाण्यानंतर कोणतें, ह्या निवडीवरच सारी भिस्त.

माझें मन सर्वस्वीं जिंकलें गेलें असें कोणी समजूं नये. दुसऱ्या तासाला तो ठोका मला जाचूं लागला. आपल्याकडे समेची वाट पहाण्यांत जो आनंद आहे, तो जेथें प्रत्येक ठोका समेसारखाच पडतो तेथें मिळावा कसा? आणि गाण्याचा स्वतःचा शेवट ऐकावयास मिळत नाहीं ही हळहळ मला आहेच. संधि केला कीं पदाचा अंत जातो.

बंदी उठली. आवाज मंद, आणि रात्रीं अकराच्या पुढें नाहीं, एवढ्या दोन अटी मीं घातल्या. त्यांतली दुसरी मोडते असा मला संशय आहे.

गेल्या रविवारीं दुपारीं दादा ओसरीवर बसले होते. नातवानें, तो निषिद्ध शब्द न उच्चारतां, हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला. मी दारांतून पहात होतों. आरंभीं ते दचकले. मग डोळे मिटले. मग त्यांचीं बोटें गुडघ्यावर ठेका धरूं लागलीं. वीस-बावीस मिनिटें गेलीं. एक कान मोकळा करून ते म्हणाले, “चांगलें आहे रे, पण फारच लांबलें. हें गाणें संपणार केव्हां?”

“मोठे आजोबा,” नातू म्हणाला, “हें चौथें चाललें आहे.”