नोकरी सांभाळून इंजिनियर : दार पाहून आत शिरा




दहावीचा निकाल लागला की शाळेत पेढे येतात. त्या गडबडीत एक वाक्य दरवर्षी कानावर पडते, "आमचा काय, डिप्लोमालाच गेला." या 'लाच'मधला 'च' मला फार टोचतो. हीच मुले पुढे पीथमपूरच्या कारखान्यांत मशीन चालती ठेवतात, घराला हातभार लावतात, बहिणीच्या लग्नाचे पाहतात. मग पाच-सात वर्षांनी एखादा मार्कशीटच्या कामासाठी शाळेत येतो आणि जाता जाता हळूच विचारतो, "मॅडम, आता डिग्री करता येईल का?"

माझे उत्तर स्पष्ट आहे. येईल आणि करावी. अनेक ठिकाणी डिप्लोमावाला सुपरवायझरच्या खुर्चीपर्यंत पोचतो. पुढच्या खुर्चीसाठी नियम पदवी मागतो, अनुभव कितीही असो. शिवाय रोज हाताखालून जाणारे यंत्र तसेच का चालते, हे समजण्याचा आनंद वेगळाच. मात्र या वाटेवर काही गोष्टी डोळे उघडे ठेवून पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट, दार कोणते? "घरबसल्या बी.टेक.", "हजेरीची अट नाही" अशा जाहिरातींना भुलू नका. काही अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या इंजिनियरिंगच्या पदव्यांचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये दिला. २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना पुन्हा परीक्षेची संधी मिळाली. त्यानंतरच्यांच्या तर रद्दच झाल्या. विचार करा, पदवीच्या जोरावर बढती घेतलेल्या, घराचे हप्ते भरणाऱ्या माणसावर काय प्रसंग आला असेल! दोष फक्त विद्यार्थ्याचा नव्हता, पण भोगले त्यानेच.

जुन्या पिढीला ए.एम.आय.ई. ठाऊक असेल. १९२० साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्सची ही परीक्षा कित्येक नोकरदारांनी रात्री जागून दिली. पण पदवीच्या बरोबरीची केंद्राची मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरती राहिली. काकांनी केले म्हणून पुतण्याने तेच करावे, असे आता नाही.

मग खरी वाट कोणती? आपल्या इंदूरला १९५२ पासूनच्या गोविंदराम सेक्सरिया संस्थेत नोकरदार डिप्लोमावाल्यांनी अंशकालीन बी.ई. केले आहे. २०२३-२४ च्या सत्रापासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नोकरदारांच्या स्वतंत्र वर्गांना, सोयीच्या वेळांसह, परवानगी देण्याची व्यवस्था केली. डिप्लोमावाल्याला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. फी भरण्यापूर्वी एवढे पाहा : त्या कॉलेजला, त्या ब्रांचला आणि नोकरदारांच्या त्या वर्गाला त्या वर्षाची मान्यता आहे का? एजंटचे ऐकू नका, परिषदेची यादी स्वतः तपासा. प्रॅक्टिकल किती आणि कुठे, हेही विचारा. प्रयोगशाळेचे तोंड न पाहता इंजिनियर होता येत नाही.

दुसरी गोष्ट गणिताची. थेट दुसऱ्या वर्षात गेलेला गडी वर्कशॉपमध्ये इतरांना शिकवतो, पण लाप्लास ट्रान्सफॉर्म आणि फूरिए सिरीज समोर आल्या की अडतो. कारण पहिल्या वर्षाचे गणित त्याने त्या खोलीने केलेलेच नसते. म्हणून प्रवेशाआधी सहा महिने कॅलक्युलसची उजळणी करावी. मुलांनो, "दहावीनंतर गणित सुटले" असे म्हणू नका. ते सुटत नाही, वाट पाहत असते.

भाषेचीही भीती नको. मी स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली आहे. इंग्रजी पुस्तक समोर आले की कसे दडपण येते, हे मला माहीत आहे. आधी गोष्ट आपल्या भाषेत समजून घ्यावी, मग इंग्रजी शब्द पाठ करावा. उलटे केले की दोन्ही हातचे जाते.

तिसरी गोष्ट घराची. दिवसभर ड्यूटी, पीथमपूरची बस, संध्याकाळचा वर्ग आणि शिफ्ट बदलली की सगळेच कोलमडते. तीन वर्षे हे एकट्याने रेटता येत नाही. लग्नकार्याला गेला नाही म्हणून नातलगांनी रुसू नये. आणि पालकहो, डिप्लोमा झालेली सूनही घरात असते. मुलाच्या अभ्यासासाठी टी.व्ही. बंद होतो, तसा तिच्यासाठीही व्हावा, पोळ्यांची जबाबदारी कुणी दुसऱ्याने घ्यावी. तिची पदवीही घराचीच कमाई आहे.

शेवटी विश्वस्त मंडळींना एक विनंती. आपले वाचनालय संध्याकाळी पाचला कुलूपबंद होते. आठवड्यातून दोन दिवस ते सात ते नऊ माजी विद्यार्थ्यांसाठी उघडे ठेवावे. खर्च दिव्यांचा आणि शिपायाच्या जादा वेळेच्या भत्त्याचा. निवृत्त इंजिनियर आपल्या समाजात कमी नाहीत. त्यांच्यापैकी एक-दोघांनी गणिताला वेळ दिला तर लहानशा घरात अभ्यासाला कोपरा न मिळणाऱ्या मुलाला मोठा आधार होईल. नव्या इमारतीचा विषय बैठकीत येतोच, त्याआधी या दोन तासांचा विचार व्हावा.

शाळा दहावीला दाखला देते. नाते तिथे संपत नाही, असे आपण स्नेहसंमेलनात दरवर्षी म्हणतो. ते खरे करून दाखवण्याची ही साधी संधी आहे.

आपली,
प्राचार्या