प्रोजेक्ट मऊ भात

मनू सहा महिन्यांची झाली त्या आठवड्यात मी एक एक्सेल शीट बनवली. हसू नका. ज्यांनी आयुष्यातली आठ वर्षं हिंजवडीत बसून 'ट्रॅकर' भरण्यात घालवली आहेत, त्यांना यातला आनंद कळेल. तारीख, पदार्थ, किती चमचे, रिअ‍ॅक्शन आणि (जेवताना वाचत असाल तर पुढचे दोन शब्द सोडून द्या) शीचा रंग. खाल्लं तर रकाना हिरवा, थुंकलं तर लाल, नुसतंच गालात धरून बसली तर पिवळा. एक पदार्थ सुरू केला की तीन दिवस दुसरा नाही, म्हणजे काही बाधलं तर नेमकं कशानं ते कळतं. सॉलिड प्लॅनिंग होतं!

सासूबाईंनी चष्मा वर सरकवून शीट पाहिली.

"छान आहे की. पण हे भरणार कोण? तू तर साडेनऊला जातेस."

तर मुद्दा हाच होता.

आपल्याकडे २०१७ साली कायदा बदलला आणि पहिल्या दोन बाळंतपणांची रजा बारा आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. आणि सगळे डॉक्टर काय सांगतात? पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. वा, काय जुळवून आणलंय, असं वाटतं ना? फक्त पोटातलं बाळ काही एचआरला विचारून येत नाही. माझे पाय सुजले, हिंजवडीचा ट्रॅफिक सोसवेना, म्हणून मी ६ जानेवारीला रजा सुरू केली. मनू आली २८ जानेवारीला. ७ जुलैला मी पुन्हा डेस्कवर हजर, तेव्हा तिचे सहा महिने भरायला अजून तीन आठवडे बाकी होते. आणि पुढचं सगळं, म्हणजे पहिला घास, पहिलं बसणं, पहिलं रांगणं, हे तर त्यानंतरच सुरू होतं. रजा संपते तिथून खरा सिनेमा चालू!

(नवऱ्याचं विचाराल तर केंद्र सरकारी नोकरीत बापाला पंधरा दिवस मिळतात. खासगी नोकरीत कायद्यानं एकही नाही. याला कंपनीनं कृपा करून पाच दिवस दिले. त्यातले दोन शनिवार-रविवार निघाले.)

मग मिरजेहून सासूबाई आल्या. सासऱ्यांना डबा लावून दिला, तुळशीला पाणी घालायला शेजारच्या काकूंना सांगितलं आणि दोन पिशव्या घेऊन स्वारगेटला उतरल्या. एका पिशवीत त्यांचे कपडे. दुसरीत नाचणी.

नाचणीसत्त्व करताना पाहिलंय कधी? मी तिशी ओलांडेपर्यंत ते फक्त पाकिटात पाहिलं होतं. सासूबाई नाचणी रात्रभर भिजवायच्या, फडक्यात बांधून मोड आणायच्या, सावलीत वाळवायच्या, जरा भाजून दळायच्या आणि मग मलमलच्या कापडातून गाळायच्या. वस्त्रगाळ! कोथरूडच्या आमच्या टू बीएचकेमध्ये दोन दिवस सगळं किंचित तपकिरी दिसत होतं. टीव्हीसकट.

आता उष्टावण. इथे पहिली ठिणगी पडली. सासूबाई म्हणाल्या, मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात, पाचव्या नाहीतर सातव्या. डॉक्टर म्हणाले, सहा महिने पूर्ण झाल्याशिवाय काही नाही. मी दोन्हीकडे बघत होते, सासू विरुद्ध बालरोगतज्ज्ञ, फायनल मॅच. तेवढ्यात सासूबाईंनी बोटं मोडून हिशेब केला. "सहा पूर्ण म्हणजे सातवा चालू. मग काय अडचण आहे?" मॅच ड्रॉ. ३ ऑगस्टला, रविवारी, माझा भाऊ मांडी घालून बसला, मांडीवर मनू, आणि चांदीच्या रुपयानं खीर. साखर न घातलेली, कारण डॉक्टरांनी वर्षभर मीठ-साखर नको म्हणून बजावलं होतं. मनूनं रुपया चाटला, खिरीकडे दुर्लक्ष केलं आणि मामाच्या शर्टवर दूध काढलं. फोटो मात्र फर्स्ट क्लास आले.

पण ते झालं समारंभाचं खाणं. खरं खाणं सुरू झालं दुसऱ्या दिवशी, सोमवारी, अकरा वाजता. मी तेव्हा क्लायंट कॉलवर होते.

सासूबाईंनी व्हिडिओ पाठवला. चौदा सेकंदांचा, त्यात निम्मा वेळ त्यांचा अंगठा कॅमेऱ्यावर. उरलेल्या सात सेकंदांत एक चमचा येतो, मनूचं तोंड उघडतं, भुवया वर जातात आणि अख्खा चेहरा लिंबू चावल्यासारखा होतो. लाळेरं तपकिरी. मागून आवाज, "अगं गिळ की, गिळ." मी तो आमच्या 'वेलनेस रूम'मध्ये बसून पाहिला. वेलनेस रूम म्हणजे जिथे मोडक्या खुर्च्या आणि गेल्या गणपतीतले पुठ्ठ्याचे खांब ठेवतात आणि जिथे मी दिवसातून दोनदा पंप घेऊन बसते, ती खोली. अकरा वेळा पाहिला. मग शीटमध्ये भरलं: नाचणी, १ चमचा, पिवळा.

तुम्ही म्हणाल, एका चमच्यासाठी एवढं काय? मीही म्हणायचे, मैत्रिणींना. पण त्या चमच्यामागे जरा गंभीर प्रकरण आहे. पोटात असताना बाळानं साठवलेलं लोह सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतं आणि आईच्या दुधात लोह अगदीच थोडं असतं. म्हणजे सहाव्या महिन्यानंतरचं खाणं हे नुसतं 'चव दाखवणं' नाही, बाळाला ते लागतंच. डॉक्टरांनी हे सांगितलं त्या रात्री मला झोप नाही. तिनं थुंकलेला प्रत्येक चमचा मला माझ्याच नावावर मांडलेला वाटायचा.

आणि सासूबाईंना हे टेन्शन अजिबात नाही! "खाईल. आज नाही तर उद्या खाईल. तिच्या बापानं आठवडाभर भात थुंकला होता, आता बघ."

मधावरून मात्र आमचं वाजलं. त्यांना गुटी मधात उगाळून द्यायची होती. मी म्हटलं, वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाही, त्यात बोटुलिझमचे जंतू असू शकतात आणि एवढ्या लहान आतड्यांना ते झेपत नाहीत. त्या म्हणाल्या, "आम्ही दोन पोरं मधावर वाढवली." मी म्हटलं, "अहो आई, तेव्हा बाइकवर हेल्मेटही घालत नव्हते." हे बोलायला नको होतं. दोन दिवस घरात फक्त मिक्सर बोलत होता. तिसऱ्या दिवशी मधाची बाटली वरच्या फळीवर गेली, डब्यांच्या मागे. कोणी ठेवली ते कोणी बोललं नाही.

शेंगदाण्याच्या बाबतीत मात्र मी तोंडावर आपटले. मी ठरवलं होतं, तीन वर्षांपर्यंत दाणे नाहीत, अ‍ॅलर्जी होते. डॉक्टर हसले. म्हणाले, तो सल्ला जुना झाला. २०१५ मध्ये लंडनच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की ज्यांना अ‍ॅलर्जीचा धोका जास्त, अशा बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा दिला तर पुढे त्याची अ‍ॅलर्जी होण्याचं प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या आसपास कमी होतं. अंगावर इसबाचे खूप चट्टे असतील किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, आणि अख्खा दाणा कधीच नाही, तो घशात अडकतो. पण बारीक वाटून, पातळ करून, जरूर. हे ऐकताना सासूबाईंचा चेहरा बघायला हवा होता. मिरजेची बाई, आणि तिला सात महिने कुटाशिवाय ठेवलं होतं!

सप्टेंबरपर्यंत शीट बऱ्यापैकी हिरवी झाली. लाल भोपळा हिट. गाजर हिट. मुगाचं कढण सो-सो. खिमट, म्हणजे तांदूळ आणि मूगडाळ भाजून, भरड दळून शिजवलेलं, सुपरहिट. दुधी सुपरफ्लॉप. आणि मग बीट.

बिटाचं सांगायलाच हवं. मंगळवार, दुपार, रिव्ह्यू मीटिंग. फोनवर नवऱ्याचा मेसेज (तो त्या दिवशी वर्क फ्रॉम होम): 'डायपर लाल. खूप लाल. फोन कर.' मी मीटिंगमधून धावत बाहेर. रिक्षा बोलवू की अ‍ॅम्ब्युलन्स? नवरा व्हिडिओ कॉलवर पांढराफटक, कॅमेरा थेट पुराव्यावर, मागे मनू खदाखदा हसतेय. सासूबाई आंघोळीहून आल्या, डोकावल्या आणि म्हणाल्या, "अरे, काल बीट खाल्लंय तिनं." माझ्याच शीटमध्ये होतं ते. मीच भरलं होतं, हिरवं करून.

सासूबाई शीटकडे पुन्हा कधी फिरकल्या नाहीत. त्यांची स्वतःची सिस्टिम होती, स्वयंपाकघरातलं कॅलेंडर. दुधाचा हिशेब, सिलिंडर कधी लावला, कामवाल्या ताईंचे खाडे, आणि त्याच चौकोनांत मुंगीच्या अक्षरात मनू. संध्याकाळी त्या वाचून दाखवायच्या आणि मी शीट भरायचे. आमची रोजची स्टँड-अप मीटिंगच म्हणा ना.

मग आलं रांगण्याचं टेन्शन. ऑफिसातल्या आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज कुणाचं ना कुणाचं बाळ काहीतरी करायचं. 'आमचा सातव्यातच रांगला.' 'आमची तर उभी राहते!' मनू आठ महिन्यांची झाली, पोटावर झोपून हेलिकॉप्टरसारखी जागच्या जागी फिरायची, बस. मग मी जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता शोधला. त्यांनी २००६ मध्ये भारतासह पाच देशांतल्या बाळांवरून तो छापलाय: हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ महिन्यांपासून १३.५ महिन्यांपर्यंत कधीही. आणि शंभरातली चार बाळं तर रांगतच नाहीत, थेट पुढची पायरी! तो तक्ता मी ग्रुपवर टाकला. कुणीही थम्ब्सअप दिला नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमचं रिलीज होतं. बुधवारी मी घरी आले तेव्हा साडेअकरा झाले होते, मनू झोपलेली. गुरुवार तसाच. शुक्रवार तसाच. शनिवारी, ११ तारखेला, मी केस न विंचरता सोफ्यावर चहा घेऊन पडले होते. सासूबाईंनी स्टीलच्या डब्यात चार हरभरे टाकले, झाकण घट्ट लावलं आणि डबा दाराजवळ नेऊन ठेवला. मग मनूला दिवाणापाशी सोडलं. मला म्हणाल्या, "चहा ठेव जरा खाली. इकडे बघ."

मनूनं डब्याकडे पाहिलं. हात टाकला. गुडघा टाकला. पुन्हा हात. आणि दिवाणापासून दारापर्यंत अख्खी रांगत गेली!

"अगं बाई, रांगली की!" सासूबाई टाळ्या वाजवत ओरडल्या. मी रडले. नवरा बाथरूममधून साबणासकट बाहेर आला. शीटमध्ये भरलं: ११ ऑक्टोबर, शनिवार, रांगली. हिरव्यातही गडद हिरवा.

डिसेंबरात कंपनीनं लॅपटॉप बदलला आणि ती शीट जुन्यातच राहिली. बॅकअप? दुसऱ्यांना रोज बॅकअपचे मेल पाठवणाऱ्या बाईला तुम्ही हे विचारताय? मग या जानेवारीत, बोरन्हाण झाल्यावर, मी ठरवलं की निदान कॅलेंडरवरून सगळं पुन्हा उतरवून काढू. नवं कॅलेंडर त्याच खिळ्याला लागलं होतं, जुनं त्याच्याच मागे. ओट्यापाशी उभी राहून पानं उलटत गेले. '४ ऑगस्ट. नाचणी १ च. तोंड वाकडं.' 'दूध दीड लि. भोपळा ३ च., मागून घेतला.' 'सिलिंडर. दुधी थुंकला, माझ्या साडीवर.'

ऑक्टोबर. ११ तारखेच्या चौकोनात मोठ्या अक्षरात: 'रांगली!'

आणि ८ तारखेच्या, बुधवारच्या चौकोनात काहीतरी लिहून खोडलेलं. पेनानं, दोनदा रेघ मारून. पान खिडकीकडे धरलं तर वाचता येत होतं. 'दु. ३.१०. दिवाणापासून दारापर्यंत.'

मी कॅलेंडर परत खिळ्याला लावलं, नवं पुढे, जुनं मागे. सासूबाई बाहेर मनूला मऊ भात भरवत होत्या. आता तिचा एक हातही ताटलीत असतो, त्यामुळे भात सगळीकडे. मी शेजारी जाऊन बसले. मनू सोफ्याला धरून उभी राहिली, एक हात सोडला, डुलली, पुन्हा धरला.

"आई, ही चालायला कधी लागेल हो?"

त्यांनी मनूच्या हनुवटीवरचं शीत बोटानं पुसलं.

"लागेल की," त्या म्हणाल्या. "एखाद्या रविवारी."