विश्लेषण : ‘क्रिश ३’ खरेच इतका टाकाऊ होता का?

राकेश रोशन यांचा ‘क्रिश ३’ नोव्हेंबर २०१३ मध्ये ऐन दिवाळीत आला. गल्ला भरपूर जमला, पण समीक्षकांनी ‘एक्स-मेन’ची उसनवारी म्हणून त्याला मोडीत काढले. ‘कोई... मिल गया’चा (२००३) जिव्हाळा नाही, ‘क्रिश’ची (२००६) नवलाई नाही, ही तक्रार आजही ऐकू येते. उसनवारीचा आरोप खराच आहे आणि गाणी तर नको तिथे येतात. तरीही मालिकेतला हाच भाग आता पुन्हा पाहावा असा आहे.

कारण त्यातली साथ. खलनायक काल (विवेक ओबेरॉय) औषध कंपनीचा मालक. तो विषाणू बनवतो, नामिबियात सोडतो आणि त्यावरचा उतारा विकतो. पुढची पाळी मुंबईची. तेव्हा हे कॉमिक्समधले वाटले होते. मग ९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले कोरोनाबाधित पुण्यात सापडले. लोणावळा, औंढे परिसरात पर्यटनबंदी आली; भजी-कणसे विकणाऱ्यांचा पावसाळी हंगाम बुडाला. पोटावर येणारी ही साथ पडद्यावर कुठेच नाही. पण औषध कोणाच्या हातात आणि काय भावाने, हा प्रश्न चित्रपटाने सात वर्षे आधी विचारला होता.

मात्र ‘भाकीत खरे ठरले’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवण्याचा हा चित्रपट नव्हे. ‘लस खपवण्यासाठीच रोग सोडला’ ही कोरोनाकाळातली अफवा म्हणजे जवळपास कालचीच गोष्ट, आणि तिच्यापायी अनेकांनी लस टाळली. पडद्यावर कृष्णाच्या रक्तातून झटपट उतारा तयार होतो. प्रत्यक्षात हजारो स्वयंसेवकांवर चाचण्या झाल्या, १२ जानेवारी २०२१ रोजी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून लशीचे पहिले ट्रक निघाले आणि चार दिवसांनी लसीकरण सुरू झाले. पुढे रांगा होत्याच.

चित्रपटाची खरी ताकद साध्या प्रसंगांत आहे. लोकांना वाचवायला धावणाऱ्या कृष्णाची एकही नोकरी टिकत नाही. मुलासाठी जीव देणारा वैज्ञानिक रोहित हृतिकने मनापासून उभा केला आहे. उलट कालचे अपंगत्व खलत्वाची खूण म्हणून वापरणे आज जास्तच खटकते.

चौथ्या भागाचे दिग्दर्शन हृतिक करणार, असे राकेश रोशन यांनी २०२५ मध्ये जाहीर केले. त्यात हाणामारीपेक्षा रोहितच्या प्रयोगशाळेला थोडी जास्त जागा मिळाली, तर बरे.