विज्ञानाचा तास आणि बहुमताचा ठराव

शाळेत उत्क्रांतिवाद शिकवावा की नाही, हा अमेरिकेतील वाद शंभर वर्षांहून जुना आहे. मानव खालच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला, असे शिकविण्यास टेनेसी राज्याने 1925 साली बंदी केली व त्याच वर्षी जॉन स्कोप्स या शिक्षकास 100 डॉलर दंड झाला. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी घटनाबाह्य ठरविली. उत्क्रांती शिकवायची तर जोडीने ‘निर्मितिविज्ञान’ही शिकविलेच पाहिजे, हा लुइझियानाचा कायदाही 1987 मध्ये रद्द झाला.

आयुर्वेदीयांनी बारकाईने पाहावा असा खटला मात्र पेन्सिल्व्हेनियातील डोव्हर गावचा. ऑक्टोबर 2004 मध्ये तेथील शाळामंडळाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव केला. डार्विनचे मत हे सिद्ध सत्य नव्हे, त्याला ‘बुद्धिपूर्वक रचना’ हा पर्याय आहे, असे निवेदन नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात वाचावयाचे ठरले. विज्ञानशिक्षकांनी ते वाचण्यास नकार दिला आणि अकरा पालक न्यायालयात गेले. सुनावणीत उघड झाले की, मंडळाने पुरस्कारिलेल्या संदर्भग्रंथाच्या जुन्या मसुद्यांत ‘निर्मिती’ हा शब्द होता. 1987च्या निकालानंतर तेथे ‘रचना’ हा शब्द घातला गेला. मंडळाच्या बाजूचे तज्ज्ञ मायकेल बीही यांना उलटतपासणीत मान्य करावे लागले की, विज्ञानाच्या त्यांच्या व्याख्येत फलज्योतिषही बसते! 20 डिसेंबर 2005 रोजी न्यायमूर्ती जॉन जोन्स यांनी 139 पानांचा निकाल देऊन ठराव रद्द केला. रचनावाद खरा की खोटा, यावर न्यायालयाने मत दिले नाही. ते विज्ञान नव्हे, एवढेच सांगितले.

हा विवेक आम्हांस मोलाचा वाटतो. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील सृष्ट्युत्पत्तिक्रम आपण दर्शन म्हणून शिकतो. त्यासाठी जीवशास्त्राचा पाठ फाडावा लागत नाही. आपल्याकडे मात्र दशावतारात उत्क्रांतिवाद आहे आणि डार्विन चुकला आहे, ही दोन्ही विधाने एकाच व्यासपीठावरून टाळ्या घेतात. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे म्हटले होते. 2023 मध्ये एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला तो भार हलका करण्याच्या नावाखाली; अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र काढले. बारावीच्या जीवशास्त्रात तो राहिला, असे सांगण्यात आले. पण दहावीनंतर वाणिज्य वा कला शाखेकडे वळणाऱ्या मुलाने तो कोठे वाचावा? याच्या उलट, बालभारतीच्या 2018च्या दहावीच्या विज्ञान पुस्तकाच्या दुसऱ्या भागात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच पाठ होता, ही महाराष्ट्रास भूषणावह गोष्ट आहे.

‘आपला याच्याशी काय संबंध?’ असे कोणी वैद्य वा औषधनिर्माते विचारतील. संबंध निकटचा आहे. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू कसे निपजतात, हे उत्क्रांतीवाचून रुग्णास समजावता येत नाही. शिवाय शालेय अभ्यासक्रमात आयुर्वेदास स्थान हवे, ही मागणी आपल्या अधिवेशनांतून सतत होते. ते स्थान कशाच्या बळावर मागावयाचे? बहुमताच्या बळावर मिळालेला पाठ बहुमत फिरताच जातो. डोव्हरमध्ये निकालाआधीच, नोव्हेंबर 2005च्या निवडणुकीत, मतदारांनी मंडळाच्या आठ सदस्यांना घरी बसविले. आणि खटल्याच्या खर्चापायी सुमारे दहा लाख डॉलर शाळेच्याच तिजोरीतून गेले.

चरकाचार्यांनी विमानस्थानात अध्ययनापूर्वी शास्त्राचीच परीक्षा करावयास सांगितले आहे. आप्तोपदेशासोबत प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती ही प्रमाणे दिली आहेत, आणि मतभेद असेल तेथे तद्विद्यसंभाषा सांगितली आहे. ज्यांच्या संहितेत ही शिस्त आहे, त्यांनी दुसऱ्या शास्त्राचा पाठ परीक्षेविना वगळला जात असता मौन धरणे आम्हांस उचित वाटत नाही. दहावीची पुस्तके नव्याने बेतली जातील तेव्हा उत्क्रांतीचा पाठ असावा, असे आपल्या संघटनेने ठराव करून संबंधित मंडळांस लेखी कळवावे, आणि त्याच पत्रात आयुर्वेदाविषयीचा आपला मजकूरही तज्ज्ञांकडून तपासून घेण्याची तयारी दर्शवावी.